ऐकावे कोणाचे? : हातातल्या डिजिटल रेडिओ स्कॅनरविषयी थोडेसे

'ऐकावे जनाचे, करावे मनाचे' अशी आपल्याकडे म्हण आहे. जनाचे ऐकावे हे खरे. परंतु जन एकाच वेळी शंभर ठिकाणांहून बोलू लागले म्हणजे त्यांतले कोणाचे ऐकावे, हे काही म्हण सांगत नाही. रेडिओ स्कॅनर नावाचे जे हातात मावणारे यंत्र आहे, ते विकत घेऊ पाहणाऱ्यापुढे नेमका हाच प्रश्न असतो. या यंत्राची निवड कशी करावी आणि त्यात वारंवारता कशा भराव्यात, म्हणजे त्याचे प्रोग्रॅमिंग कसे करावे, याविषयी प्रस्तुत लेखात चार गोष्टी सांगण्याचा विचार आहे. मी कला शाखेचा विद्यार्थी आहे. तेव्हा विज्ञान शाखेच्या मित्रांना यात काही बाळबोध वाटले तर त्यांनी सांभाळून घ्यावे.

हा विषय माझ्या वाट्याला कसा आला ते आधी सांगितले पाहिजे. कर्जत आणि खालापूर हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले. एकीकडे भीमाशंकर-ढाकची रांग, दुसरीकडे माथेरान, प्रबळगड आणि इर्शाळगड. मधून वाहणाऱ्या उल्हास आणि पाताळगंगा. पावसाळ्यात हा मुलूख जितका देखणा, तितकाच धोक्याचा. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे सापडलीच नाहीत, आणि २३ जुलैला शोध थांबवण्यात आला. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान काय किंवा खोपोलीच्या यशवंती हायकर्ससारखी डोंगर जाणणारी मंडळी काय, सर्वांना चिखलाची पायवाट चढूनच वर जावे लागले. त्याआधी ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले तेव्हा विजेचे खांब आणि मोबाइलचे मनोरे आडवे झाले, आणि जिल्ह्यातल्या कित्येक गावांशी बोलणेच तुटले होते.

तेव्हापासून आमच्या भागातल्या तरुण मंडळांत 'आपल्याकडे काहीतरी साधन हवे' असे बोलले जाते. आमच्याही मंडळात अशी सूचना आली, की वर्गणीतून एक डिजिटल स्कॅनर घ्यावा. म्हणजे पोलीस, अग्निशमन दल, रेल्वे यांचे संदेश आपल्याला परस्पर ऐकू येतील आणि आपण मदतीला लवकर पोहोचू. सूचना चांगल्या मनाने आलेली होती. माहिती काढण्याचे काम माझ्याकडे आले. पनवेलच्या एका परवानाधारक हौशी बिनतारी चालकांकडे, म्हणजे ज्यांना हॅम म्हणतात अशा गृहस्थांकडे, मी चार रविवार जाऊन बसलो. ते काकांच्या वयाचे, आणि शिकवण्याची त्यांना हौस. त्यांच्याकडून जे उमगले ते येथे मांडतो.

यंत्र करते काय?

घरातला साधा रेडिओ एका केंद्रावर लावला की तिथेच राहतो. स्कॅनर तसा स्वस्थ बसत नाही. त्याला दिलेल्या वारंवारतांवरून तो एकामागून एक धावत सुटतो. जिथे कोणी बोलताना आढळेल तिथे थांबतो, बोलणे संपले की पुन्हा पुढे निघतो. एस.टी.चा वाहक जसा प्रत्येक बाकाशी 'तिकीट, तिकीट' करीत पुढे सरकतो, तसेच हे.

यात एक मर्म आहे. स्कॅनर सगळे ऐकतो असा आपला समज असतो. प्रत्यक्षात एका क्षणी तो एकाच ठिकाणी असतो. हिशेबच करून पाहू. २५ ते १३०० मेगाहर्ट्‌झ हा सगळा पट्टा १२.५ किलोहर्ट्‌झच्या पावलांनी चालायचा म्हटले तर १,०२,००० पावले होतात. यंत्र सेकंदाला ५० पावले टाकते असे धरले, तरी एक फेरी पुरी व्हायला ३४ मिनिटे लागतील. वॉकीटॉकीवरचे एक वाक्य चार-पाच सेकंदांचे. म्हणजे सगळे ऐकायला निघालेला माणूस जवळजवळ काहीच ऐकणार नाही. उलट हौशी बिनतारीचा १४४ ते १४६ मेगाहर्ट्‌झ एवढाच पट्टा घेतला, तर १६० पावले, आणि फेरी तीन सेकंदांत पुरी. तेव्हा काय वगळायचे हे ठरवणे हेच स्कॅनर प्रोग्रॅम करण्याचे निम्मे काम आहे. पुढच्या सगळ्या विवेचनात ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

'डिजिटल' म्हणजे काय?

जुन्या पद्धतीत आवाजाच्या चढउताराप्रमाणे लहरीची वारंवारता हलते, आणि ऐकणाऱ्याचा संच त्या हालचालीतून पुन्हा आवाज उभा करतो. संदेश दुबळा झाला की खरखर वाढते, पण शब्द कानावर पडत राहतात. नव्या पद्धतीत आवाजाचे आधी आकडे होतात. हे आकडे आवळून, त्यांत चुका दुरुस्त करण्याची सोय करून पाठवले जातात. संदेश पुरेसा असेपर्यंत आवाज स्वच्छ. मर्यादेखाली गेला की एकदम शांत. मधली खरखर नाही. डोंगराळ मुलखात हा फरक मोठा आहे. जुना संच खोऱ्यातल्या माणसाला 'कोणीतरी बोलत आहे' एवढे तरी सांगतो. नवा संच तेही सांगत नाही.

शिवाय डिजिटल म्हणजे एकच भाषा नव्हे. डी.एम.आर. नावाच्या पद्धतीत १२.५ किलोहर्ट्‌झच्या एका वाटेवर ३० मिलिसेकंदांचे दोन आळीपाळीचे भाग पाडून दोन संभाषणे चालवता येतात. टेट्रा पद्धतीत २५ किलोहर्ट्‌झमध्ये चार. पी-२५ ही अमेरिकेतील पोलीस व अग्निशमन दलांची पद्धत. डी-स्टार ही हौशी चालकांसाठी जपानमध्ये तयार झालेली. मराठी येणाऱ्याला तमिळ आपोआप समजत नाही, तसा एका पद्धतीचा संच दुसरीचे बोलणे उलगडत नाही. त्यावर आणखी कुलूप असू शकते. संदेश कूटबद्ध केलेला असेल तर कोणत्याही किमतीचा स्कॅनर तो उघडू शकत नाही, हे जाहिरातीत बारीक अक्षरांतही सांगत नाहीत.

निवड करताना

बाजारातली तीन नावे उदाहरणादाखल घेतो. युनिडेनचा एस.डी.एस. १०० हा पी-२५ साठी नावाजलेला, डी.एम.आर.साठी त्यात जादा पैसे भरून सोय उघडावी लागते. आयकॉमचा आय.सी. आर-३० हा पी-२५, डी-स्टार वगैरे जाणतो, पण डी.एम.आर. जाणत नाही. ए.ओ.आर.चा ए.आर. डी.व्ही. १० हा या तिघांत बहुभाषी, डी.एम.आर. आणि टेट्रा दोन्ही त्याला येतात. तिन्ही संच परदेशी, आणि आयातीच्या खर्चासह विद्यार्थ्यांच्या मंडळाला न पेलणारे.

परदेशी परीक्षणे वाचताना एक सावधगिरी बाळगावी. अमेरिकेत अशा संचात आपल्या भागाचा टपाल क्रमांक टाकला की तिथल्या सर्व वारंवारता आपोआप भरल्या जातात, आणि याच सोयीचे कौतुक त्या परीक्षणांत पानोपानी असते. ती यादी अमेरिका-कॅनडाची आहे. कर्जतचा ४१०२०१ टाकून काही मिळणार नाही. इथे प्रत्येक ओळ आपल्याच हाताने भरावी लागते. म्हणून आपल्या कामासाठी पाहायचे ते इतकेच : हाताने वारंवारता भरणे सोपे आहे का, एरियल बदलता येतो का, बॅटरी दिवसभर पुरते का, आणि पावसाच्या शिंतोड्यांत संच टिकतो का. संगणकाला जोडायचा एक छोटा ग्राहक, ज्याला आर.टी.एल.-एस.डी.आर. म्हणतात, तो फारच स्वस्त पडतो आणि पडद्यावर सगळा पट्टा एकदम दाखवतो. शिकण्यासाठी तो उत्तम, डोंगरात नेण्यासाठी नव्हे.

परंतु या सगळ्याआधीचा प्रश्न वेगळाच आहे, आणि आमच्या मंडळाच्या चर्चेत तो कोणी काढलाच नव्हता.

कायदा आणि कान

एकेकाळी आपल्याकडे साध्या आकाशवाणी संचालाही टपाल कार्यालयात पैसे भरून परवाना काढावा लागे, हे घरातली वडीलधारी मंडळी सांगतील. तो परवाना गेला, पण त्यामागचा विचार गेलेला नाही. १९३३ च्या बिनतारी तार कायद्याने बिनतारी यंत्राची जी व्याख्या केली, तीत संदेश धाडणाऱ्या यंत्राबरोबर संदेश घेणारे यंत्रही आले. 'मी फक्त ऐकतो, बोलत नाही' ही सबब म्हणून पुरत नाही. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात संदेश बेकायदा मध्येच पकडल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे, आणि ते कलम २६ जून २०२४ पासून लागू झाले. परदेशातून बिनतारी संच मागवायचा तर दूरसंचार विभागाच्या डब्ल्यू.पी.सी. शाखेची मान्यता लागते. संकेतस्थळांवर वॉकीटॉकी सर्रास विकल्या जात होत्या; त्याबाबत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये विक्रेत्या कंपन्यांना नोटिसा काढल्या. तेव्हा 'संकेतस्थळावर मिळतो म्हणजे चालत असेल' या समजुतीवर कोणी जाऊ नये.

कायदा बाजूला ठेवला तरी शहाणपणाचा मुद्दा उरतोच. कर्जत स्थानकाचे उदाहरण आपल्या सर्वांच्या डोळ्यांपुढचे आहे. पुण्याकडे जाणाऱ्या कित्येक गाड्यांना घाट चढण्यासाठी इथे मागून जादा इंजिने लावतात. आणि त्या थांब्यात आपण बटाटेवडा खातो. बोरघाटाची चढण ३७ फुटांत एक फूट. अशा चढणीवर पुढचा चालक, गार्ड (आता त्याला ट्रेन मॅनेजर म्हणतात) आणि मागची इंजिने यांचे एकमेकांशी जे बोलणे चालते, त्यावर शेकडो जीव अवलंबून असतात. ते बोलणे त्यांच्यासाठी आहे. ते अर्धवट ऐकून 'घाटात गाडी अडकली' अशी बातमी कोणी गावभर केली, तर नसता गोंधळ माजेल. द्रुतगती मार्गावर अपघात झाला की बघ्यांच्या गाड्यांनीच रुग्णवाहिकेची वाट अडते, हे खोपोलीकरांना सांगायला नको. न बोलावता आलेली मदत पुष्कळदा अडचणच होते. इर्शाळवाडीवर उपयोगी पडलेली मंडळी डोंगर जाणणारी होती आणि यंत्रणेच्या बरोबरीने काम करीत होती. चोरून काही ऐकल्यामुळे ती उपयोगी पडली नाहीत.

मग ऐकण्यासारखे उघड काय आहे? पुष्कळ आहे. आकाशवाणी व इतर एफ.एम. केंद्रे तर सर्वांसाठीच आहेत. हौशी बिनतारीचे बोलणे कूटबद्ध नसते आणि ते उघडपणेच चालते. त्यासाठी आपल्याकडे १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्‌झ हे पट्टे आहेत. कमी शक्तीच्या छोट्या संचांसाठी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्‌झ हा पट्टा २०१८ च्या नियमांनी परवान्यातून मोकळा केला आहे. आणि डोक्यावरून जाणारे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक १४५.८०० मेगाहर्ट्‌झवर अधूनमधून हौशी चालकांशी बोलते. शुभांशु शुक्ला यांनी जुलै २०२५ मध्ये याच हौशी बिनतारीवरून भारतातील विद्यार्थ्यांशी संवाद साधला होता.

प्रोग्रॅमिंग : आधी कागद, मग कळ

आमच्या गुरूंनी पहिल्या रविवारी संचाला हातच लावू दिला नाही. 'आधी वहीत यादी कर' म्हणाले. यादीचे रकाने असे : वारंवारता, पद्धत, वाटेची रुंदी, पाऊल, संकेतस्वर आणि नाव.

पद्धत म्हणजे साधा एफ.एम. की डिजिटल, आणि डिजिटल असल्यास कोणते. डी.एम.आर. असेल तर आणखी तीन गोष्टी लागतात : ० ते १५ पैकी एक कलर कोड, दोन भागांपैकी कोणता भाग, आणि गटाचा क्रमांक. यांतली एक जरी चुकली तरी संच मुका राहतो आणि आपण एरियलला दोष देत बसतो. संकेतस्वर म्हणजे बोलण्याखाली दबलेला एक बारीक स्वर. तो जुळला तरच संच तोंड उघडतो. यादी करताना हा रकाना आधी रिकामा ठेवावा, म्हणजे काही ऐकायचे राहून जाणार नाही. गोंगाट वाढला तर मग भरावा.

यादीचे छोटे गट करावेत. माझ्या वहीत तीन गट झाले : पहिला हौशी पट्ट्यांचा, दुसरा ४४६ च्या मोकळ्या वाटांचा, तिसरा अंतराळ स्थानकाचा. मोकळ्या पट्ट्यात ४४६.००६२५ पासून १२.५ किलोहर्ट्‌झच्या अंतराने १६ वाटा बसतात. पाऊल १२.५ चेच ठेवावे. १० किलोहर्ट्‌झ ठेवले तर संच वाटेच्या मधोमध न थांबता कडेवर थांबतो आणि आवाज फाटतो.

अंतराळ स्थानकाची गंमत वेगळी. आगगाडी जवळ येताना शिटी चढी आणि लांब जाताना उतरती ऐकू येते, तसेच येथेही होते. स्थानक सेकंदाला साडेसात किलोमीटरहून अधिक वेगाने जाते, त्यामुळे १४५.८०० वर सुमारे साडेतीन किलोहर्ट्‌झचा फरक पडतो. म्हणून १४५.८०५, १४५.८०० आणि १४५.७९५ अशा तीन ओळी भराव्यात. येताना पहिली, डोक्यावर दुसरी, जाताना तिसरी. एक फेरी फार तर दहा मिनिटांची.

यादी भरून झाल्यावर चार कळा समजून घ्याव्यात. स्क्वेल्च ही कळ खरखर जिथे नुकती बंद होते तिथेच ठेवावी. जास्त आवळली तर दुबळे संदेश गळतात. थांबण्याचा वेळ दोन सेकंद ठेवावा, म्हणजे प्रश्न ऐकला आणि उत्तर हुकले असे होत नाही. जी वाट सारखी घरघरत असते ती लॉकआउटने वगळावी. आणि एकच वाट प्राधान्याची ठरवावी. सगळ्यांनाच मानाचे पान दिले तर पंगत पुढे सरकत नाही. शेवटी यादीची एक प्रत संगणकात आणि एक कागदावर ठेवावी.

आपला मुलूख, आपला एरियल

या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. किती दूर पोहोचतील याचा ढोबळ हिशेब असा : उंची मीटरमध्ये घ्यावी, तिचे वर्गमूळ काढावे आणि ४.१२ ने गुणावे. उत्तर किलोमीटरमध्ये येते. सपाटीवर दीड मीटर उंचीवर धरलेल्या संचाला क्षितिज पाच किलोमीटरचे. माथेरानच्या ८०० मीटरवरून तेच ११६ किलोमीटरचे होते. त्या गृहस्थांबरोबर पॅनोरमा पॉइंटवर गेलो असता मुंबईकडची हौशी संभाषणे एकामागून एक ऐकू येत होती. तोच संच, तीच यादी, चौकच्या बाजारात मात्र सारी शांतता. मध्ये डोंगर उभा असला की हिशेबातले किलोमीटर कागदावरच राहतात. अंतराळ स्थानक मात्र डोक्यावर आले की कर्जतच्या खोऱ्यातूनही ऐकू येते, कारण मध्ये कोणता कडा नाही.

एरियलची लांबी लहरीच्या चतुर्थांशाएवढी असावी. ३०० ला मेगाहर्ट्‌झने भागले की लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. १४५ साठी चतुर्थांश सुमारे ५२ सेंटिमीटर, ४४६ साठी १७. संचाबरोबर येणारा रबरी शेपटीसारखा एरियल सर्वांसाठी आणि म्हणून कोणासाठीच नीट नसतो. महागड्या संचापेक्षा योग्य एरियल आणि उंच जागा यांनीच अधिक ऐकू येते, हे मी स्वतः पाहिले.

मग आम्ही काय ठरवले?

मंडळाच्या बैठकीत मी हे सगळे वहीतून वाचून दाखवले. ज्यांनी सूचना मांडली होती ते दादा म्हणाले, 'म्हणजे ज्यांचे ऐकायला हा घ्यायचा, त्यांचेच ऐकता येणार नाही. मग घेऊन उपयोग काय?' प्रश्न बरोबर होता. दरड कोसळली तर वाडीतल्या माणसाला आपले म्हणणे खाली पोहोचवता आले पाहिजे, आणि स्कॅनरला तर बोलताच येत नाही.

त्याचे उत्तर हौशी बिनतारीच्या परवान्यात आहे. बारा वर्षांवरील कोणालाही ही परीक्षा देता येते. बिनतारीचे प्राथमिक ज्ञान आणि नियम असे तिचे दोन भाग. खालच्या श्रेणीला मोर्सची कटकट नाही. पास झालेल्याला व्ही.यू. ३ ने सुरू होणारे नाव मिळते, आणि नेमून दिलेल्या पट्ट्यांत संच बाळगण्याची व बोलण्याची मुभा मिळते. २००४ च्या डिसेंबरात त्सुनामीने अंदमानचा संपर्क तोडला, तेव्हा पोर्ट ब्लेअरमध्ये हौशी बिनतारीच्या मोहिमेसाठी गेलेल्या भारती प्रसाद यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच साधन संदेश पोहोचवण्यासाठी जुंपले. त्यांच्याकडे परवाना होता, सराव होता, आणि प्रशासनाला त्या कोण आहेत हे ठाऊक होते. या तीन गोष्टी कोणत्याही दुकानात मिळत नाहीत.

तेव्हा बैठकीत असे ठरले की स्कॅनरची वर्गणी परीक्षेकडे वळवावी. आम्ही तिघे पुढच्या परीक्षेला बसणार आहोत; त्यांत एक प्रथम वर्षाची भगिनी आहे आणि तिची तयारी आम्हा दोघांपेक्षा पुढे आहे. परवाने हाती आले की दोन साधे हातसंच घ्यायचे, मी वर दिलेल्या यादीने ते प्रोग्रॅम करायचे, आणि कोणत्या वाडीच्या कोणत्या टेपावरून कोठपर्यंत बोलणे पोहोचते याचा नकाशा पावसाळ्यापूर्वी करून तहसील कचेरीत द्यायचा. तोपर्यंत डोंगरउतारावरच्या प्रत्येक वाडीत बॅटरीवर चालणारा एक साधा ट्रान्झिस्टर असावा आणि तो कोणत्या अंगणात नीट लागतो हे पाहून ठेवावे, म्हणजे इशारा तरी कानावर पडेल. हे काम आम्ही सुरू केले आहे.

ज्या मित्रांना परीक्षेची पुस्तके पाहायची असतील, त्यांनी ग्रंथालयात दुपारच्या सुट्टीत मला भेटावे. प्राध्यापकवर्गापैकी कोणी नियमांचा भाग सोप्या मराठीत समजावून देईल तर आम्ही आभारी राहू.